आईनं लावलेली कबुतरांची जोडी

आई अमेरिकेत, ॲन आर्बरला आली ती माझ्या बाळंतपणासाठी. विमानतळावरून घरी पोचेपर्यंत आमचं भांडण जुंपलंसुद्धा होतं. ते बाळंतपणावरून नव्हतं, माझ्या धाकट्या बहिणीवरून होतं.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. धाकटीला कोल्हापूरला दिली होती. त्या वर्षी उन्हाळ्यात ती कराडला माहेरी आली आणि परत जायचं नावच घेईना. तिच्या कानामागे एक वण होता. आईनं विचारलं तर म्हणाली, न्हाणीघरात पडले. आईनं ते मान्य केलं. मी इथून फोनवर घसा फाडून सांगितलं होतं की न्हाणीघरात पडून कुणाला कानामागे लागत नाही. पण फोनवर ओरडलेलं आईला कधीच खरं वाटलं नाही. उलट अमेरिकेला निघण्याआधी ती व्याह्यांकडे जाऊन शब्द देऊन आली होती की परत आले की पाडव्याच्या आत मुलीला मी स्वतः आणून सोडते.

आईचा शब्द म्हणजे काय चीज होती ते सांगायला हवं. ती मुलींच्या शाळेची मुख्याध्यापिका होती, त्याच वर्षी निवृत्त झालेली. ती व्हरांड्यातून निघाली की वर्गावर्गातला गलका तिच्या पुढे पुढे बंद होत जायचा. मीही त्याच शाळेत शिकले, त्यामुळे हे ऐकीव नाही. दिलेला शब्द तिनं मागे घेतल्याचं मला तरी आठवत नव्हतं.

गाडीत मागे बसून ती मला समजावत होती. "तुझ्या बाबांना मी पहिल्यांदा पाहिलं ते अंतरपाट दूर झाल्यावर. पहिलं वर्षभर आम्ही एकमेकांशी धड बोललो नव्हतो. मग? झालाच ना संसार?"

बाबा होते देवमाणूस. जाऊन तीनेक वर्षं झाली होती, तरी गल्लीतले लोक त्यांचं नाव काढायचे. आईला लॉटरी लागली होती आणि ती त्याला नियम समजत होती. हे मी तिला तोंडावर म्हटलं. माझा नवरा गाडी चालवत होता, त्यानं रेडिओचा आवाज तेवढा वाढवला.

आमच्या शेजारी एक अमेरिकन बाई राहायच्या. त्याही निवृत्त शिक्षिका, शाळेत संगीत शिकवायच्या. एकट्याच होत्या. मागच्या अंगणात त्यांची कबुतरांची ढाबळ होती, लाकडी, हिरव्या रंगाची, आत माणूस उभा राहील एवढी. पहिला बर्फ पडला त्याच आठवड्यात त्या पायरीवरून घसरल्या आणि मनगट मोडून घेतलं. आई वरण-भात घेऊन त्यांना बघायला गेली. अमेरिकेत आजाऱ्याकडे न विचारता जात नाहीत, हे मी सांगून पाहिलं. ती म्हणाली, मग आजारी माणसानं काय आधी निमंत्रणं छापायची?

आईचं इंग्रजी पुस्तकी, व्याकरणात चोख आणि बोलायला कडक. शेजारणीला ती मॅडम म्हणायची. दोन-तीन दिवसांत शेजारीणही तिला मॅडम म्हणू लागली. प्लास्टर घातलेल्या हातानं ढाबळ झाडता येईना म्हणून बाईंनी मला संकोचून विचारलं, कुणी मदतीला मिळेल का. माझं पोट नाकापर्यंत आलेलं, नवरा दिवसभर लॅबमध्ये. आईनं परस्पर सांगून टाकलं की उद्यापासून मी येते.

मग रोज सकाळी नऊवारीवरच माझ्या नवऱ्याचा जाडजूड कोट, पायात त्याचे बूट, डोक्याला मफलर, अशा अवतारात आमची मुख्याध्यापिका बर्फातून ढाबळीकडे निघायची. मका, वाटाणे, गहू मापून घालायची, पाण्यावर धरलेला बर्फ फोडायची, फळ्या खरवडून काढायची. कबुतरांनी अंगावर घाण केली तर रागवायची, मराठीत. आठवड्याभरात ती ढाबळ आमच्या स्वयंपाकघरापेक्षा स्वच्छ दिसू लागली. शेजारीण मला म्हणाली की इतक्या वर्षांत ती इतकी चकचकीत कधीच नव्हती. माझाच ऊर भरून आला, जसं काही मीच झाडून आले होते.

ढाबळीत एक पांढरा नर होता. देखणा, उंच मानेचा, छाती काढून चालणारा. त्याची मादी उन्हाळ्यात मेली होती. शेजारणीनं त्याच्यासाठी एका ओळखीच्या माणसाकडून नवी मादी मागवली होती, ती नेमकी याच दिवसांत आली. निळसर राखाडी, लहानखुरी, डोळे मात्र फार बोलके. बाईंनी मला नीट सांगितलं आणि मी आईला नीट सांगितलं, की तिला सध्या वेगळ्या पिंजऱ्यात ठेवायचं. तो माणूस येऊन जाळी लावून देईल, मग दोघांना जाळीच्या आडून एकमेकांना बघू द्यायचं आणि मगच एकत्र करायचं. आईनं ऐकून मान डोलावली.

पण नवी नवरी घरात आणून पेटाऱ्यात बसवून ठेवतात, हे काही तिला पटेना. बघायचंय काय त्यात, ती म्हणायची, दोन्ही चांगल्या घरची आहेत. एका गुरुवारी सकाळी ती न्हाऊन, तांदळाला कुंकू लावून ढाबळीत गेली. राखाडी मादी उचलून तिनं पांढऱ्याच्या खणात ठेवली, जाळीचं दार लावलं, कडी घातली आणि वरून अक्षता टाकल्या. घरी येऊन मला हसत हसत सांगितलं, एक कार्य पार पडलं. मीही हसले. नवरा म्हणाला, मग जिलबी कुठाय?

संध्याकाळी दाणे घालायला गेली तेव्हा मादी खणाच्या कोपऱ्यात अंग चोरून बसलेली होती. डोक्यावरची पिसं गेली होती, कातडी सोलून निघाली होती, आणि फळीवर रक्ताचे ठिपके होते. पांढरा तिच्यापुढं छाती फुगवून घुमत होता. आई तिला पदरात घेऊन तशीच बर्फातून शेजारणीच्या दाराशी गेली. मी खिडकीतून पाहिलं आणि पाय ओढत मागोमाग गेले. आई दारात ताठ उभी राहून आपल्या कडक इंग्रजीत म्हणत होती की मॅडम, आपण सांगितलेलं मी ऐकलं नाही, यात दुसऱ्या कुणाचा दोष नाही. चूक झाल्यावर माणसं कशी लांबण लावतात, मी काय कमी पाहिलंय? आईनं एका वाक्यात सगळं अंगावर घेतलं.

शेजारीण रागावली नाही. तिनं मादीला हातात घेऊन डोकं उजेडात धरलं आणि कोमट पाणी मागितलं. मग हळद लावायची की मलम, यावर दोघी मास्तरणींची थोडी जुंपली. शेवटी जखमेवर मलम आणि जखमेच्या भोवतीनं हळद असा तह झाला. शेजारणीच्याच बंदिस्त पडवीत जुन्या स्वेटरच्या टोपलीत मादीची सोय केली.

ती जगेल असं मला वाटलं नव्हतं. आईनं तिला जगवलं. वाटाणे भिजत घालायचे, चोच दोन बोटांनी हलकेच उघडायची, एकेक वाटाणा आत सोडायचा आणि गळ्यावरून बोट फिरवत तो खाली उतरेपर्यंत थांबायचं. ज्या बाईनं आयुष्यात कुणाला दोनदा सांगितलं नाही, ती एका वाटाण्यासाठी इतका वेळ थांबायची की मी बघतच राहायचे. मध्येच मी बाळंत झाले, मुलगी झाली. आता आईचे दोन पेशंट. सकाळी बाळाला तेल लावून न्हाऊ घालायची, मला डिंकाचा लाडू हातात द्यायची आणि बूट चढवून पडवीकडे पळायची. मी एकदा कुरकुरलेच, की माझ्या लाडवात खोबरं कमी पडतंय पण कबुतराच्या वाटाण्यात काही कमी पडत नाही. ती म्हणाली, तुला तोंड आहे, मागून घेशील.

बाळ महिन्याचं झाल्यावर एका दुपारी मी त्याला गुंडाळून पडवीत जाऊन बसले. आई मादीची जखम पुसत होती. बरीचशी पिसं परत आली होती, पण मागच्या बाजूला एक जागा उघडीच राहिली होती. आईनं बोटानं आजूबाजूची पिसं सारली आणि त्या जागेकडे बघत राहिली.

"धाकटी काय म्हणाली होती? न्हाणीघरात पडले?"

इतके महिने मी याच गोष्टीवरून आईशी हमरीतुमरीवर येत होते. आता माझ्या तोंडून नुसतं हो निघालं. आईनं मलमाच्या डबीचं झाकण लावलं आणि बाळाला भूक लागली असेल म्हणाली.

एवढ्यावर बदलेल तर ती माझी आई कसली? मादी बरी झाल्यावर तिनंच हट्ट धरला, की आता सगळं रीतसर करायचं. तिचं म्हणणं असं, की माझी पद्धत चुकली होती, म्हणून जोडीच चुकली असं होत नाही. माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, त्या मुक्या जिवाला परत त्याच्या तोंडी देणार का? ती कबुतरांबद्दल बोलत नव्हती आणि मीही नव्हते. हे आम्हा दोघींना कळत होतं. शेजारणीला मात्र आईचं म्हणणं गैर वाटलं नाही. नीट ओळख करून दिली तर बरेचदा जमतं, असं ती म्हणाली. आईनं माझ्याकडे विजयी नजर टाकली.

खणाच्या मधोमध जाळी लागली. एका बाजूला तो, एका बाजूला ती. आई पालथ्या बादलीवर शाल पांघरून बसायची आणि बघायची. आणि खरं सांगते, बघण्यासारखंच होतं ते. पांढरा जाळीशी येऊन वाकायचा, गळा फुगवायचा, शेपटी पंख्यासारखी जमिनीवरून फिरवत गोल गोल घुमायचा. चार दिवस मादी पाठ करून बसली. मग एकदा वळली. मग एकदा तिनं मान खाली-वर केली, आणि आई धावत घरी सांगत आली. तिचा चेहरा असा उजळला होता की मलाही वाटलं, जमलं तर बरंच होईल बाई.

जाळी काढली. काही दिवस छान गेले. दोघं शेजारी बसायची, तो तिच्या मानेची पिसं चोचीनं विंचरायचा. आई व्याह्यांबद्दल पुन्हा बरं बोलू लागली. आणि मग एका दुपारी काही कारण नाही, काही नाही, त्यानं तिला कोपऱ्यात रेटलं आणि नेमक्या त्याच जुन्या जागेवर टोचायला सुरुवात केली. आम्ही तिघीही तिथंच होतो. मादीनं पंख उगारला नाही, आवाज केला नाही. कोपऱ्याला चिकटून डोळे मिटून घेतले.

आईनं शेजारणीला विचारलं, ही ओरडत का नाही?

"ओरडून काय करेल, मॅडम?" शेजारीण म्हणाली. "दार तर आपण लावलंय."

ती हे अगदी साधेपणानं बोलली, कबुतराबद्दलच बोलली. धाकटीबद्दल तिला काहीच ठाऊक नव्हतं. आईनं कडी काढली, हात घालून मादीला बाहेर घेतलं आणि कोटाच्या आत छातीशी धरलं. तिच्या हनुवटीखाली ते एवढंसं डोकं दिसत होतं.

नंतर चहा पिताना आईनं बाईंची उलटतपासणीच घेतली. नर वाईट आहे का? तसं नाही, बाई म्हणाल्या, आधीच्या मादीबरोबर त्यानं कितीतरी पिल्लं वाढवली, अंड्यांवर तासन्‌तास बसायचा. मग मादीत खोट आहे का? तीही नाही. काही जोड्या लागत नाहीत. त्या लावायच्या हट्टापायी पक्षी मरू द्यायचा नसतो, एवढंच पाळणाऱ्याच्या हातात असतं. आई हे सगळं नीट समजून घेत होती. शाळेत निकाल लागल्यावर ती कच्च्या मुलींच्या उत्तरपत्रिका घेऊन बसायची तेव्हा अशीच दिसायची. मध्येच मी बोलले, की कबुतराला अक्कल नसते, माणसाला असते, त्यामुळं माणसानं मारलं तर त्याला मी तरी जोडी लागली नाही म्हणणार नाही. मराठीत बोलले, बाईंना कळलं नाही. आई म्हणाली, ते मला कळतंय, तू चहा घे.

यावेळी मादीला कुणाच्याच खणात ठेवलं नाही, ढाबळीच्या मोकळ्या भागात सोडलं. तिथं एक म्हातारा ठिपक्या-ठिपक्यांचा नर होता, एका पायाचं बोट वाकडं. ती स्वतःहून त्याच्या शेजारी जाऊन बसायला लागली. आईला पहिल्यांदा धक्काच बसला, तो लंगडा? पण थोड्याच दिवसांत दोघांनी काड्या गोळा करायला घेतल्या. तो एकेक काडी आणायचा, ती अंगाखाली सारायची. एखादी पसंत पडली नाही तर ती बाजूला टाकायची आणि तो निमूट दुसरी आणायला जायचा. अंडी घातल्यावर तर आई त्या लंगड्याची भक्तच झाली. दिवसा तो बसायचा, संध्याकाळी ती येऊन त्याला उठवायची, आणि ती वेळेवर आली नाही तरी तो जागचा हलायचा नाही. बसलेल्या मादीच्या डोक्यावरची ती उघडी जागा आता पिसांनी भरत आली होती. आई रोज घरी येऊन मला त्या लंगड्याचं कौतुक सांगायची. पांढऱ्याला बाईंनी पुढं एक थोराड तांबडी मादी दिली. त्यानं छाती फुगवल्याबरोबर तिनं पंखाचे दोन फटके दिले आणि तो सरळ झाला. हेही आईनं फार आनंदानं सांगितलं.

पण धाकटीचं काय, याबद्दल ती चकार शब्द काढत नव्हती. बर्फ वितळायला लागला, परतीचं तिकीट जवळ आलं. पाडवाही जवळ आला. मी विचारलं नाही. माझ्यासारख्या तोंडाळ बाईनं इतके दिवस न विचारणं हे मला किती जड गेलं असेल, ते माझ्या नवऱ्याला विचारा.

मग एका संध्याकाळी भांडी पुसता पुसता आई म्हणाली, कराडला फोन लाव. कराडच्या घरी फोन नव्हता. समोरच्या डॉक्टरांकडे लावायचा, ते धाकटीला हाक मारायचे. तिथं सकाळ होती. फोन लागला, तिला बोलावलं, आणि मी आतल्या खोलीतल्या फोनवर जाऊन ऐकू लागले. डॉक्टरांच्या दिवाणखान्यात उभं राहून तिला काही मोकळं बोलता येणार नव्हतं, हे आम्हाला माहीत होतं. आईनं बाळाची खुशाली सांगितली नाही की हवापाणी विचारलं नाही.

"ऐक," ती म्हणाली. "तुला कोल्हापूरला जायचं नाहीये. त्यांना शब्द मी दिला होता. तुला न विचारता दिला होता. मी आले की स्वतः जाऊन तो परत घेणार आहे."

मला रडू फुटलं. साठीला आलेल्या, आयुष्यभर स्वतःचंच खरं मानत आलेल्या बाईनं हे म्हणणं किती कठीण असतं? मला नसतं जमलं, आजही जमणार नाही. मला तिचा इतका अभिमान वाटला की तसाच रिसीव्हर टाकून तिला जाऊन मिठी मारावीशी वाटली.

पण पलीकडून धाकटी हळूच बोलली, कुणाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात.

"आई, इकडे आल्यावर तुझं मत बदलणार नाही ना?"

आई म्हणाली, "नाही बदलणार. तुझी ताई ऐकतेय आतल्या फोनवर. तिच्यासमोर सांगतेय."

मी बाहेर आले तेव्हा तिनं फोन ठेवला होता, पण हात अजून त्यावरच होता. माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "माझ्या मुलीला हे मला विचारावं लागलं."

त्या पाडव्याला धाकटी कराडलाच होती. कोल्हापूरला आई एकटी जाऊन आली.